निळ्या पाण्यातले दात

पेशंटला धीर द्यायचा असतो, हे कुमुदबायना कुणी शिकवलंच नसावं. खुर्चीत बसलेला माणूस आधीच घामाने ओला झालेला असायचा. तो चाचरत विचारायचा, "बाय, दुखात काय?" दुसरा कुठलाही दातांचा डॉक्टर म्हणाला असता, मुंगी चावल्यासारखं वाटेल. कुमुदबाय म्हणायच्या, "दुखात. माका पण भय वाटता. तू खुर्ची घट धर, मी सांभाळून करतंय." काही माणसं तिथूनच उठून, गळ्यातलं फडकं काढून, जिना उतरून जायची.

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या माडीवर डॉ. कुमुद आजगावकर यांचा दवाखाना होता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दातांचा शिकलेला डॉक्टर हे आमच्याकडे अजून अप्रूप होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि त्याच माडीवर मागच्या खोलीत राहायचो. त्यांचा दवाखाना आणि माझी खोली यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत. मुलांचे पेपर तपासताना पलीकडून यंत्राची घरघर यायची, मग कुणाचं तरी "आयगे!", मग वीज जायची आणि घरघर थांबायची. त्या शांततेत बायचा आवाज यायचा, "तोंड बंद करू नको हां. वीज येयपर्यंत तसोच रव." तोंड उघडं ठेवून विजेची वाट बघणाऱ्या त्या अनोळखी माणसाच्या भीतीने माझ्याही हातातली तांबडी पेन्सिल थांबायची.

चाळिशीच्या आसपासच्या बाई. उंच, किडकिडीत. सुती पातळ, त्यावर कोट. लग्न केलेलं नव्हतं. बोलता बोलता त्या जिभेने स्वतःचेच दात चाचपत, एकेक करून, जणू सगळे जागेवर आहेत ना ते बघावं. शिक्षण मुंबईला झालं होतं. माझ्याशी त्या शुद्ध मराठीत बोलत, पेशंटशी मालवणीत. पण घाबरल्या की माझ्याशीही मालवणी सुरू व्हायची, आणि मला लगेच कळायचं की आज काहीतरी बिनसलंय.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. चेहरेही नाहीत. एकदा एका लग्नात एक गृहस्थ पुढे येऊन नमस्कार करून उभे राहिले. बाय नुसत्या बघतच राहिल्या. शेवटी ते गृहस्थ ओशाळून हसले, तशा ह्या ओरडल्या, "अरे! खालची उजवी दाढ! बरी आसा मा ती?" मांडवातली माणसं वळून बघायला लागली. त्या मात्र गृहस्थांच्या तोंडाजवळ वाकून उभ्या, एका हातात अक्षता तशाच.

आणि झाकणांचा संशय. लोणच्याची बरणी, रॉकेलचा डबा, औषधाची बाटली, काहीही बंद केलेलं असलं की त्या ते उलटं धरून थोडा वेळ उभ्या राहत. शेवंती नावाची बाई त्यांच्याकडे हत्यारं उकळायला आणि केरवारा करायला होती. ती वैतागायची. "बाय, मी घट लावलंय झाकण." बायचं उत्तर ठरलेलं, "बंद दिसता गो. बंद आसा काय ता बघतंय."

ह्या संशयामागे काय आहे ते एका दुपारी त्यांनी स्वतःच सांगितलं. मी न विचारता. चहा पीत होतो, आणि खालच्या दुकानात कुणीतरी सदा म्हणून हाक मारली.

"माझ्या भावाचं नाव सदा होतं," त्या म्हणाल्या.

कुडाळच्या पलीकडे त्यांचं गाव. सदा त्यांच्याहून मोठा, सतराअठरा वर्षांचा. त्याची दाढ किडली होती. आठवड्याच्या बाजारात एक फिरता दातवाला यायचा. त्याने किडीचं भोक चांदीने भरून दिलं. दुखणं थांबलं. पोरं त्याला तोंड उघडायला सांगून ती चांदी बघायची. काही महिन्यांनी जबडा सुजला. मग सूज जिभेखाली गेली, गळ्यात उतरली. त्याला गिळता येईना, मग श्वास घेता येईना. खुर्चीला बांबू बांधून त्याला सावंतवाडीला न्यायला निघाले. शाळकरी कुमुद बाजूने धावत होती. वाटेतच संपलं.

"तोंड उघडंच राहिलं होतं," बाय म्हणाल्या. "आत ती चांदी चकाकत होती. वरून एकदम छान. खाली दात मेलेला, मुळाशी पू साठत गेला आणि आम्ही म्हणत होतो दुखायचं थांबलं." एवढं बोलून त्यांनी कप विसळायला घेतला. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

माझाही एक दात त्यांच्या हातून गेलेला होता, म्हणजे वाचलेला होता. वरचा समोरचा. कॉलेजात असताना चेंडू लागून तो मोडला होता. कोल्हापुरात त्यावर टोपी बसवली होती आणि टोपी धरून ठेवायला दाताच्या मुळात खिळा घातला होता. पुढे मुळाच्या टोकाला पू झाला. वरून आत शिरायला वाट नव्हती, खिळा आडवा. अशा वेळी दात काढून टाकतात. बाय म्हणाल्या, दुसरी एक वाट आहे. हिरडी बाजूला करायची, हाडात छोटी खिडकी पाडायची, मुळाचं कुजलेलं टोक छाटायचं आणि राहिलेल्या मुळाच्या तोंडाला मागच्या बाजूने बूच मारायचं. बूच नीट बसलं तर आतली घाण आतच राहते, हाड पुन्हा भरून येतं.

"आणि नाही बसलं तर?" मी विचारलं.

"तर मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

तरीही मी बसलो. दुसरं काय करणार? बूच चांदीचं होतं. म्हणजे चांदी आणि पारा घोटून केलेलं, तेव्हा सगळीकडे तेच वापरायचे. आठवड्याभरात सूज उतरली आणि मी ते विसरून गेलो. दोनेक वर्षं गेली, आणि तसाच कायमचा विसरलेला राहिलो असतो, जर बायनी आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक मागितला नसता.

त्याच्या आधी नेलपॉलिशचं प्रकरण झालं. आयुष्यात कधी केसात फूल न माळलेल्या कुमुदबाय बाजारातून लाल नेलपॉलिशच्या बाटल्या नेतात, ही बातमी दुकानातून निघून सगळ्या पेठेत फिरली. लोकांनी त्यांच्या नखांकडे बघायला सुरुवात केली. नखं तर कोरी. मग आणखीच कुजबुज. एका बाईने शेवंतीला अडवून विचारलं, "बायचा लगीन ठरला काय गो?" शेवंती म्हणाली, "दातांका लायतत." ते ऐकून त्या बाईने म्हणे हात जोडले.

खरंच दातांना लावत होत्या. उपटलेले दात त्या मिठाच्या पाण्यात जपून ठेवायच्या. त्यातल्या एकेका दाताच्या मुळाचं टोक छाटून, जिवंत माणसाला मारायचं तसंच बूच मारायच्या. काहींना चांदीचं, काहींना लवंगेच्या तेलात जस्ताची पूड घोटून केलेल्या सिमेंटचं. मग बुचाची जागा सोडून बाकी सगळ्या दाताला नेलपॉलिशचे हात. म्हणजे पाणी शिरलंच तर फक्त बुचाच्या कडेने शिरेल. आणि मग तो दात निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. तो निळा रंग आमच्या प्रयोगशाळेतला. गालाच्या आतल्या पेशी दाखवताना मुलांसमोर एक थेंब वापरतो तो. मुंबईच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी ही रीत वाचली होती आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी शाळेचा सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून माडीवर नेला. बायनी दात उभे चिरून ठेवले होते. खिडकीशी बसून त्या एकेक फाक भिंगाखाली सरकवत होत्या. 

मग म्हणाल्या, "सर, बघा हडे."

सर, बघा इकडे, असं त्या एरवी म्हणाल्या असत्या. 

मी डोळा लावला. चांदीचं बूच मुळाच्या तोंडात नीट बसलेलं दिसत होतं, घट्ट, चकचकीत. पण त्याच्या कडेने, दाताची भिंत आणि चांदी यांच्या मधून, एक निळी रेघ वर गेली होती. बारीक होती. मध्येच पसरून ढगासारखी झाली होती, आणि बूच ओलांडून पलीकडे पोचली होती. दुसऱ्या दातातही तसंच. तिसऱ्यात थोडं कमी. सिमेंटच्या बुचाकडे निळा रंग दारातच थांबल्यासारखा दिसत होता, सगळ्यांत नाही, पण बहुतेकांत.

मी डोळा काढला आणि नकळत माझी जीभ वर, त्या दाताच्या मुळाशी गेली.

"व्हय," कुमुदबाय म्हणाल्या. "तुमच्यात पण तांच आसा."

माझ्यासारखी आणखी माणसं होती. मालवणात, देवगडकडे, खाली रेडीपर्यंत. सगळ्यांच्या हिरडीआड हाडात तीच चांदी, आणि सगळी माणसं माझ्यासारखीच विसरून गेलेली. बायनी दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवला आणि त्यांना शोधायला निघाल्या.

ते शोधणं म्हणजे एक प्रकारच होता. नावं लक्षात नाहीत. "रेडीच्या बंदरावर खनिज भरूक जाता तो, डावो सुळो," एवढ्या माहितीवर त्या एस.टी.त बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायचो. माझा स्वार्थ होता. बाकीच्यांचं काय झालंय ते कळलं तर माझं काय होणार ते कळेल, असं वाटायचं. रेडीला तांबड्या धुळीने माखलेली माणसं बोटीवरून उतरत होती. बाय प्रत्येकाला म्हणत होत्या, "जरा हास बघू." माणसं घाबरून मागे सरत. एकाने मुकादमाला बोलावलं. शेवटी तो डावा सुळा सापडला. पोरसवदा माणूस, दात ठणठणीत. पण आपल्या मागे मालवणची डॉक्टरीण बंदरापर्यंत आली म्हणताच त्याचा चेहरा पांढरा पडला. "काय झाला माका? सांग, बाय. माझी बायको पोटाशी आसा." बाय खोटं बोलूच शकत नव्हत्या. "झाला काय नाय. होयत काय, ता बघूक इलंय." तो मटकन खाली बसला.

असं घरोघर. दवाखान्यातला माणूस आपल्या दारात आला की काहीतरी अशुभ, असं लोकांना वाटायचं. कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीने आतूनच सांगितलं की ती परगावी गेली आहे. बाय ओट्यावर बसून राहायच्या. दाताचा एक्स-रे फोटो काढायला मालवणला या, म्हणून हात जोडायच्या. पुष्कळजण आले. बहुतेकांचं हाड चांगलं भरलेलं होतं. दोघातिघांच्या फोटोत मुळाशी काळी सावली होती, त्यांची बुचं बायनी बदलली. माझ्या फोटोत सावली नव्हती. "आज नाही," त्या म्हणाल्या. मला ते "आज" ऐकू आलं.

राहिला होता वासू.

वासू मेस्त्री दशावतारी नाटकातला नट. स्त्री-पार्ट करायचा. लुगडं नेसून उभा राहिला की बायका बघत राहायच्या. दिवसा सुतारकाम करायचा, घर नेरूरच्या बाजूला. एका युद्धाच्या प्रवेशात राक्षसाची गदा चुकून त्याच्या तोंडावर बसली होती. वरचा, डाव्या सुळ्याशेजारचा दात. त्याचीही माझ्यासारखीच टोपी, माझ्यासारखाच खिळा, तेच चांदीचं बूच.

आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात रंधा मारत होता. बायनी त्याचा ओठ वर केला आणि त्यांचा हात तसाच राहिला. हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी होती.

"ही कधीपासून?"

"ती रंगाची. रोज तोंडाक रंग लायतो, म्हणान येता. दुखना नाय, बाय."

"दुखना नाय ह्याचांच माका भय आसा. उद्या ये. उघडून बघूया."

वासूने रंधा बाजूला ठेवला. "उघडल्यार दात रवात काय?"

"सांगूक येना नाय."

"मगे आता नको. जत्रेचे दिवस आसत. दात गेलो तर माझी राणी गेली. फुडचे दात नसलेली राणी कोण बघतलो?" तो हसला, आणि तोंडावर हात धरून हसला. ती सवय पार्टाची होती. "शिवरात्र होऊंदे. कुणकेश्वराचा नाटक झाला की मी आपणहून येतंय."

बाय खूप बोलल्या. शेवटी त्याच्या बायकोलाही बोलावून सगळं सांगितलं. तीही रडायला लागली. पण नटाला जत्रा सोडवत नाही. परत येताना एस.टी.त त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "मी त्याला नीट घाबरवलं नाही."

कुणकेश्वरच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी मी शाळेला निघत होतो, तेव्हा खाली एका आंबेवाल्याची जीप येऊन थांबली. दोघांनी धरून वासूला वर आणला. मी त्याला ओळखलंच नाही. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू धुतलेली होती. डाव्या बाजूला राणीचा रंग तसाच होता, गुलाबी, डोळ्यात काजळ, गालावर तीळ. त्या बाजूला हात लावता येत नव्हता म्हणून रंग उतरवलाच नव्हता. आणि ती रंगवलेली बाजू फुगून डोळा पूर्ण मिटला होता. उजेडात ते बघवत नव्हतं.

बायनी बघितलं. त्यांच्या ओठांवरचा रंगच गेला. त्यांनी शेवंतीला पाणी उकळायला लावलं, इंजेक्शन दिलं, ओठाखाली चीर देऊन निघेल तेवढा पू काढला. मग मला दारात बोलावलं. पण दारातही आवाज खाली आणायचं त्यांना भान नव्हतं.

"ह्या जागेतला रक्त डोळ्याच्या मागसून मेंदूकडे जाता. थंय गुठळी झाली तर मगे दुसरो डोळो सुजता. दुसरो डोळो सुजलो तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "गोव्याक नेवक होयो. आत्ताच्या आत्ता."

वासूने ते सगळं ऐकलं होतं.

जीपच्या मागच्या बाकावर मध्ये वासू, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कुमुदबाय. पुढे आंबेवाला. रस्ता त्या काळचा. प्रत्येक खड्ड्यात वासू कण्हायचा. बाय त्याच्या उजव्या डोळ्यावरून नजर काढत नव्हत्या. "वासू, माझ्याकडे बघ. आता वर बघ. आता सरांकडे बघ." तो डोळा तांबडा होता, पण फिरत होता. मीही बघत होतो. पापणी मघापेक्षा जड दिसते का? कडेला सूज आहे का? इतका वेळ एका डोळ्याकडे बघत राहिलं की काहीही दिसायला लागतं. कुडाळ सोडताना मला खात्रीच वाटली की तो सुजलाय. बाय म्हणाल्या, "नाय. अजून नाय."

त्याला ग्लानी येत होती. बाय म्हणाल्या, "निजा नको. उलयत रव."

"काय उलयू?"

"काय पण. राणी उलयता ता उलय."

आणि त्या धडधडत्या जीपमध्ये वासू राणीचं बोलायला लागला. दशावतारात पाठ केलेलं काही नसतं, ज्याचं त्याने सुचेल तसं बोलायचं. ताप चढलेल्या आवाजात, शुद्ध मराठीत, तो म्हणत होता, महाराज रणांगणावर गेले आहेत, अजून निरोप नाही, दासी, तू गवाक्षातून बघ, धूळ उडते का. फुगलेल्या ओठातून शब्द वाकडे येत होते. आंबेवाला मागे वळून बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचा. सावंतवाडीत तळ्याकाठी पाणी प्यायला थांबलो तर माणसं जमली. अर्ध्या राणीच्या चेहऱ्याचा पुरुष बघून एका बाईने पदर तोंडावर घेतला. बाय ओरडल्या, "सराऽ बाजूक!" त्यांना मी कुणावर ओरडलेलं तेवढं एकदाच ऐकलं.

गोव्याच्या हद्दीजवळ, बांदा गावाच्या जरा अलीकडे राणी बोलायची थांबली.

"वासू?"

काही नाही.

"वासू! रे!" बायनी त्याची हनुवटी धरून हलवली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. अंग चटका बसेल असं तापलेलं.  त्यांनी अंगठ्याने त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी वर केली. मी दुसरीकडे बघितलं. माझी हिंमत झाली नाही.

"महाराज इले काय?" वासू पुटपुटला.

"येतत," बाय म्हणाल्या. "येतत हां. तू विचारत रव."

गोव्याच्या इस्पितळात त्याला लगेच आत घेतलं. चार दिवस ताप उतरला नाही. बाय तिथल्याच व्हरांड्यात बसून होत्या. उजवा डोळा सुजला नाही. पाचव्या दिवशी डावाही किलकिला उघडला आणि वासूने त्यातून बायना बघितलं.

तिथले दातांचे मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते. बायनी त्यांना निळ्या पाण्याचं सगळं सांगितलं, एखादी चूक कबूल करावी तसं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बाटलीतला दात आणि तोंडातला दात एक नव्हे, बाई. तोंडात चांदी हळूहळू गंजते आणि त्या गंजानेच फटी बुजतात. तुम्ही रंगात बुडवलीत ती ताजी बुचं. आणि सिमेंट आज बरं दिसलं, पण तोंडात ते विरघळून गेलं तर?"

"तेही खरं असेल," बाय म्हणाल्या. "मग काय वापरायचं?"

 "आम्ही चांदीच वापरतो," डॉक्टर म्हणाले. "पण खात्रीने विचाराल तर मला माहीत नाही. ह्या माणसाचा दात मात्र काढून टाका."

बायही वासूला तेच म्हणाल्या. आंब्याच्या दिवसांत तो मालवणला आला, चेहरा पूर्ववत, डाव्या डोळ्याखाली एक बारीक वण. खुर्चीत बसला. बायनी चिमटा हातात घेतला.

"बाय, पुन्ना एकदा बूच मारून बघ."

"नको रे. माका आता खूप भय वाटता."

"माका पण वाटता. पण दात नसलेल्या राणीक कोण इचारतलो?"   त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो सरळ म्हणाला, "ह्या सोडून माका दुसरा काय येना नाय, बाय."

"सुतारकाम येता मा?"

"ता पोटाक."

बायनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आयक. टिकात काय नाय ता माका म्हायत नाय. वर्सभर दर म्हयन्याक येवक होया. एक म्हयनो चुकलंस तर दुसऱ्या दिवशी मी घरी येवन दात काढतलंय. आणि पुटकुळी इली तर नाटक, जत्रा, देव, काय आयकूचंय नाय."

"येतंय."

वीज जाईल म्हणून मला बॅटरी धरून उभं केलं होतं. आणि वीज गेलीच. त्या छोट्या उजेडात मी बायनी हिरडी उचललेली पाहिली. जुनं बूच त्यांनी टोचणीने नुसतं स्पर्शलं आणि ते सुटून आलं. खाली काळं होतं. वास आला. शेवंतीने नाकाला पदर लावला.  जागा कोरडी होईना, रक्त पुन्हा पुन्हा भरायचं, त्या पुन्हा पुन्हा टिपायच्या. मध्येच थांबायच्या, हात बाजूला धरून श्वास घ्यायच्या, मग पुन्हा वाकायच्या. लवंगेचा वास सुटला. सिमेंट त्यांनी इतकं घट्ट घोटलं होतं की ते मातीच्या गोळीसारखं दिसत होतं. ते बसवून त्यांनी कडेने एकदा, दोनदा, किती वेळा तरी दाबलं.

"झाला," त्या म्हणाल्या. मग लगेच, "झाला काय, कोण जाणा."

पुढचं वर्ष वासू दर महिन्याला येत होता. प्रत्येक वेळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की पलीकडे बायच्या हातातलं काहीतरी खाली पडायचं. ओठ वर करायचा, बघायचं, खाली सोडायचा. "आज नाय." वर्ष संपताना काढलेला फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, मला बोलावलं. मुळाशी जिथे काळी पोकळी होती तिथे हाडाचं करडं जाळं विणलं गेलं होतं. वासूची राणी त्या हंगामात आणि पुढच्याही हंगामात उभी राहिली. पण ते यश सिमेंटचं होतं, की ह्या वेळी जागा जास्त स्वच्छ झाली म्हणून, की नुसतं नशीब, हे बायनी कधी ठरवलं नाही. "एका दातावरून काय सांगू?" एवढंच म्हणायच्या. आणि खिडकीतल्या बाटल्यांत नवे दात पडत राहिले.

दशक संपता संपता त्या मालवण सोडून गेल्या. मुंबईत ह्याच विषयाचं पुढचं शिकायला. पंचेचाळिशीत पोरापोरींच्या वर्गात बसणार होत्या. त्यांना पोचवायला मी आणि शेवंती एस.टी. स्टँडवर गेलो होतो. सामान वर चढवलं. बाय खिडकीशी बसल्या. शेवंती रडत होती.  तेवढ्यात त्यांच्या शेजारी एक कोळीण येऊन बसली, मांडीवर रिकामी टोपली, गालाला फडकं बांधलेलं. बायनी तिच्याकडे बघितलं आणि आम्हाला विसरल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. कोळणीने मान हलवली, जोरात, नको नको म्हणून. बाय बोलत राहिल्या. शेवटी तिने फडकं सोडलं.

कंडक्टरने घंटा मारली. गाडी हलली. वळणावर ती खिडकी पुन्हा आमच्या समोर आली तेव्हा कोळणीने उन्हाकडे तोंड उघडलं होतं, डोळे गच्च मिटून, आणि कुमुदबायचं बोट तिच्या तोंडात होतं.